चेड्याच्या वळणावर सुदान

त्या वर्षी भात चांगलं पिकलं होतं, पण ते धड घरात आलं नाही. दसऱ्यानंतर कापणी झाली, पेंढ्या खाचरात वाळत पडल्या आणि गेलेला पाऊस काहीतरी विसरल्यासारखा परत फिरून आला. सावळारामने पेंढ्या बांधावर उभ्या केल्या, उलट्या केल्या, कोणाकोणाकडून ताडपत्र्या मागून आणल्या. तरी लोंब्यांतल्या दाण्याला खाचरातच कोंब फुटले. झोडणी झाल्यावर हातात आलं ते काळपट आणि कुबट. भात शिजला की घरभर ओल्या गोणपाटाचा वास सुटायचा. दर्शना नाक मुरडत नसे, पण दोन घास खाऊन ताटावरून उठायची.

"यंदा आता लग्नांवरच हाय आपलं," शकू नवऱ्याला म्हणाली.

शकू धवलारीण होती, लग्नातली धवलं म्हणजे गाणी म्हणणारी. डोळखांबच्या अंगाला, आंबेखोर आणि आसपासच्या गावांत लग्न निघालं की पहिला निरोप भटजीला नाही, शकूला जायचा. मांडवाच्या दिवशी सकाळी ती पाटावर बसायची आणि बोलावणं म्हणायची. बोलावणं म्हणजे गावदेवीपासून माहुलीच्या डोंगरापर्यंत जेवढे देव, जेवढे राखणदार, जेवढे ओढे-झरे, त्या सगळ्यांना नावानिशी आणि मानाच्या क्रमाने लग्नाला यायचं सांगणं. पोथी नाही, कागद नाही. सगळं तिच्या आईकडून तिच्या तोंडात आलेलं. त्याबद्दल सुपातून तांदूळ मिळत, नारळ मिळे, लुगडं मिळे. तांदूळ पोटाला लागायचेच, पण शकूचा खरा जीव होता त्या पाटावर. एरवी तिला गावात कोण विचारत होतं? कोंडू पाटलाच्या बांधावर राबणाऱ्या सावळ्याची बायको, एवढीच तिची ओळख. पण मांडवात खुद्द कोंडू पाटील तिच्यापुढे उभा राहून "झालं का गो बाय, आता हळद लावायची का?" असं दबक्या आवाजात विचारायचा.

दर्शना तिची एकुलती एक. बारावी झालेली, आणि तलाठ्याच्या भरतीचा फॉर्म भरून बसलेली. दोन हजार तीन सालची गोष्ट ही. शहापूरला जगदीश सरांचा क्लास होता, तिथे ती एसटीने जायची आणि आल्यावर आईबरोबर राबाच्या कामाला लागायची. भाताच्या रोपांची जागा तयार करायला माघात राब भाजायचा असतो. शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा, वरून माती. शेण वाहून डोकं घाण होई, ऐनाच्या काटक्यांनी पोटऱ्या ओरबाडून निघत. आणि पोरीच्या कमरेला खोचलेलं क्लासचं पुस्तक घामाने भिजे.

"आये, मला आफ्रिका होत नाय," एक दिवस ती टहाळाचा भारा टाकून मटकन बसली.

"काय होत नाय?"

"आफ्रिका. जगाचा एक भाग हाय. पन्नासावर देश हायेत त्यात. ध्यानात ऱ्हायत नाय."

"तुजं सर काय शिकवतंय मंग?"

सर अक्षरं शिकवत होते. प्रत्येक देशाचं पहिलं अक्षर घ्यायचं आणि त्याचं वाक्य करायचं. मध्य आशियातले पाच देश म्हणजे 'उद्या ताई कल्याणला किती तुरी.' वर्गात सगळे हसले होते, वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं. फक्त त्या तुरीतून तुर्कस्तान निघतो की तुर्कमेनिस्तान, तिथे दर्शनाचं डोकं गरगरायचं.

"अक्षरानं कोन ध्यानात ठेवतं?" शकू म्हणाली.

"मंग तू एवढं देव कसं ध्यानात ठेवतंस?"

शकूने हातातला कोयता खाली ठेवला. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "मी ध्यानात नाय ठेवत. मी चालत जाते. डोळं मिटायचं आन् गावदेवीच्या पायरीवरनं निघायचं. पिंपळाखाली वेताळ भेटतो, त्याला सांगायचं. पुढं वाघदेव. मंग वडा लागतो, वड्याच्या कडंकडंनं जायचं, वळनावर जांभळीखाली चेडा बसलाय, वड्याचा राखनदार." आणि तिथल्या तिथे, पदराने कपाळ पुसत, तिने हलक्या आवाजात म्हणून दाखवलं:

*वड्याच्या वळनी, जांभळीच्या बुडी,*
*चेडोबा राखन्या, मांडवा येशी.*

"जिथं पाय जातो तिथं नाव येतं. आता तुजा तो कागद दाव."

बांधावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले. शकूला वाचता येत नव्हतं, पण कोणाचं घर कोणाला लागून आहे हे तिला लगेच दिसलं. मध्य आशियावर तिने बोट ठेवलं, दर्शनाने पाची नावं वाचली. "ह्या पाची जनींचं आडनाव येकच? मंग जावा हायेत त्या. थोरली कोन? ही कझाकस्तान? तिला पयला पाट." सेनेगलच्या पोटात गांबिया पाहून ती हसली. "वटीत पोर घिऊन बसलीय बाय." चाड, नायजर, माली ह्यांना समुद्र नाही असं कळल्यावर म्हणाली, "मंग ही बिनपान्याची घरं. ह्यांना आल्याबरोबर पयलं पानी इचारायचं."

"आन् ही निळी रेघ कसली?"

"नाईल नदी."

"कुठनं कुठं वाहते?"

"दक्षिणेकडनं उत्तरंला. खालनं वर."

"आपला वडा बी तसाच वाहतो की." शकूला मनापासून आनंद झाला. "मंग काय आवघड हाय? चल वड्याच्या कडंकडंनं. मुखाशी कोन? इजिप्त? त्याला गावकुसाला बसव. मंग वळनावर?"

"सुदान."

"वळनावर सुदान. जांभळीखाली. पुढं?"

"इथिओपिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी."

बुरुंडी झऱ्यापाशी जाऊन बसला. दिवस कलेपर्यंत अख्खी नाईल आंबेखोरच्या ओढ्यात वाहायला लागली. आणि दर्शना, जिला महिनाभर आफ्रिका होत नव्हती, ती टहाळ रचता रचता आईच्या चालीत देशांना आमंत्रणं द्यायला लागली. दोघी बोलावत होत्या आणि दोघी हसत होत्या. मला विचाराल तर त्या घरातले तेवढेच दिवस सुखाचे.

शेजारची जनाबाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चालली होती, ती थबकली. बोलावण्यात शकूच्या मागे बसून शब्द झेलायचं काम जनाबाईचं. शकूने ओळ टाकायची, जनाबाईने आणि बाकीच्या बायांनी ती उचलायची.

"काय गो वयनी? मांडव नाय, हळद नाय, आन् धवलं चाललंय? देव बोलावशील आन् जेवाया काय घालशील?"

"देव कुठं बोलावतेय? देश बोलावतेय," शकू म्हणाली आणि पुन्हा हसली.

जनाबाई हसली नाही.

चैत्र गेला तोवर शकूच्या तोंडात देश इतके बसले की दळताना, धुताना, गोठा काढताना तेच चालायचं. दर्शना चुकली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "युगांडा खाल्लास गो!" सावळाराम बायकोला म्हणायचा, "तलाठी तूच हो." त्याच्या बोलण्यात थट्टा होती आणि थोडा अभिमानही होता.

वैशाखात कोंडू पाटलाच्या दिपेशचं लग्न निघालं. दिपेश आसनगावहून रोज कल्याणला जायचा, तिथे एका वर्कशॉपात लेथवर होता. अंगणभर मांडव, आचारी, स्पीकर. शकूची त्या हंगामातली लग्नं लागोपाठ झाली होती, आवाज बसला होता, हळद कुटून हात भरून आले होते. सकाळी ती पाटावर बसली. मागे जनाबाई आणि बाया. शकूने डोळे मिटले आणि गावदेवीच्या पायरीवरून निघाली. वेताळाला सांगितलं, वाघदेवाला सांगितलं. ओढा लागला. कडेकडेने ती वळणावर आली.

*वड्याच्या वळनी, जांभळीच्या बुडी,*
*सुदान राखन्या, मांडवा येशी.*

बायांचं काम उचलायचं. त्यांनी उचललं. "सुदान राखन्या, मांडवा येशी!" अख्खा मांडव म्हणाला. मग इथिओपिया आला, त्यालाही बायांनी मान दिला. युगांडा आला. दिपेशचे आसनगावचे दोस्त खुर्च्यांवर बसले होते, त्यातला एकजण ओरडला, "अबे, आफ्रिका को भी न्योता!" आणि हसू फुटलं. पोरं हसली, आचारी हसला, दिपेशची आई सकुबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. शकूचे डोळे उघडले. 

जनाबाई मागून तिच्या कानाशी लागली. "वयनी, चेडा ऱ्हायला."

बोलावणं मागे फिरवत नाहीत. पुढे गेलेल्या पावलाने परत यायचं नसतं, हे शकूला तिच्या आईने सांगितलं होतं. ती सरळ झऱ्यावरच्या देवीला सांगून पुढे डोंगराकडे निघून गेली. चेडा राहिला हे जनाबाईवाचून कोणाला कळलं नाही. सुपात तांदूळ पडले, लुगडं आलं. त्या दिवशी ती घटना म्हणजे सगळ्यांना गंमत होती, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी नवरीच्या गावी लग्न लावून वऱ्हाडाचा टेम्पो परत येताना ओढ्याच्या वळणावर उलटला. टेम्पो कोंडूचा भाचा अनंता चालवत होता आणि अनंता दुपारपासून प्यायला होता. हे ज्याने त्याने पाहिलं होतं. जेवणाच्या पंगतीत त्याला धरून बसवावं लागलं होतं. पण उलटलेल्या टेम्पोखाली दिपेशचा उजवा हात सापडला. चार बोटं गेली. लेथवरचं काम गेलं. नव्या नवरीच्या हातावरची मेंदी अजून ताजी होती आणि ती सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून होती.

तेव्हा जनाबाईने सांगितलं. ती सगळ्यांना म्हणाली, "मी तवाच बोललू व्हती, चेडा ऱ्हायला."

गावदेवीपुढे बैठक बसली. शकूला समोर उभी केली. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधे ती. जनाबाई तिच्याकडे बघत नव्हती.

"आमच्या दारात बसून कुठल्या मुलखातली भुतं बोलावलीस गो?" सकुबाई किंचाळली. "माज्या पोराचा हात खाल्लास तू! राखनदाराला टाकलंस आन् कोन तो सुदान, त्याला मान दिलास!"

"चुकी झाली सकुबाई. जीभ वळली. पोरीचा अभ्यास..."

"पोरीला तलाठी करायची हाय हिला! आमच्या जिमिनी मोजायला!" मागून कोणीतरी म्हणालं.

सावळाराम उठला. तो माणूस बोलणाऱ्यातला नव्हता, पण उठला. "गाडी तर अनंता चालवत व्हता ना? त्यो शुद्धीत..."

"सावळ्या, खाली बस," कोंडू म्हणाला.

आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. नुसतं खाली बस. सावळाराम खाली बसला. उद्या त्याला कोंडूच्याच बांधावर कुदळ घेऊन जायचं होतं. शकूने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या एका बसण्याने शकूच्या काळजात जे तुटलं ते पुन्हा कधी सांधलं नाही.

शकूने कोंबडं आणि नारळ घेऊन वळणावर जायचं, चेड्याला दंडवत घालून चूक कबूल करायची, आणि इथून पुढे पाटावर बसायचं नाही, असं ठरलं. बोलावणं जनाबाई म्हणणार. शकूने भर उन्हात तापलेल्या मुरमावर अंग टाकलं. कपाळाला खडे रुतले. गावची पोरं ओढ्याच्या पलीकडून "सुदान, सुदान" ओरडत होती. तिला स्वतःलाही खरंच वाटत होतं की दिपेशची बोटं तिनेच खाल्ली.

ज्येष्ठात दर्शनाची परीक्षा झाली. ठाण्याला सेंटर होतं. त्या बैठकीपासून पोरगी घरात तोंड उघडून अभ्यास करत नव्हती. ओठ मिटून, भिंतीकडे तोंड करून करायची. पेपर देऊन आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"आल्तं का देश?" शकूने विचारलं.

 "भूगोलाचं चारच प्रश्न व्हतं. सगळं महाराष्ट्राचं. आफ्रिका नव्हतीच, आये."

शकू उठली आणि चुलीपाशी गेली. काळ्या तांदळाचं आधण उकळत होतं. यादीत दर्शनाचं नाव लागलं नाही. क्लास सुटला, पुस्तकं माळ्यावर गेली. पोरगी आईबरोबर आवणीला जायला लागली, आणि वाकून रोपं लावताना दोघींपैकी कोणीही काही गुणगुणत नव्हतं.

पुढली वर्षं शकूने कोणाच्या मांडवात पाय ठेवला नाही. बोलावत नव्हते म्हणून जात नव्हती. लांबून स्पीकरवर जनाबाईचा आवाज यायचा, शब्द कळत नसत. शकू कान झाकायची नाही, पण भांडी जरा जोरात घासायची. मधल्या काळात ओढ्याजवळचा रस्ता रुंद झाला. जांभूळ तोडली. चेड्याचा शेंदरी धोंडा कोणी म्हणे उचलून बाजूला ठेवला, कोणी म्हणे मुरमाखाली गेला. वळण सरळ झालं.

मग दर्शनाचं जमलं. मुलगा आसनगावचा, कंपनीत पॅकिंगला. बोलणी चालू असताना मुलाच्या बापाने विचारलं, "ते सुदानाचं कायसं ऐकलंय, तीच का ही?" सावळाराम म्हणाला, "लोकं कायबी बोलतात," आणि चहा पुढे केला.

मांडव घातला. बोलावण्याला जनाबाईलाच सांगावं लागलं. न सांगून भागणार नव्हतं. ती आली आणि पाटावर बसली. मागे बाया बसल्या, आणि बायांच्याही मागे, कुडाच्या भिंतीला टेकून, नवरीची आई. दर्शना हळदीच्या अंगाने आतल्या दारात उभी होती.

जनाबाई चांगली म्हणत होती, नाही असं नाही. शकूने नकळत डोळे मिटले आणि तिच्या मागोमाग निघाली. गावदेवीची पायरी. वेताळ. वाघदेव. ओढा लागला, आणि जनाबाई ओढा ओलांडून सरळ झऱ्यावरच्या देवीकडे गेली. चेडा नाही, जांभूळ नाही, वळणच नाही.

शकूचे डोळे खाडकन उघडले. बाया ओळ उचलत होत्या. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. जनाबाई अडखळली नव्हती की बावरली नव्हती. तिला ती ओळ येतच नव्हती. आयुष्यभर तिने अर्ध्या ओळी झेलल्या होत्या; शकूकडून नाव गळलं तर तिला कळायचं, पण स्वतः ती ओळ टाकता येत नव्हती. म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक मांडवात, चेडा राहतच होता. आणि त्या लग्नांतल्या पोरी नांदत होत्या, त्यांना पोरं झाली होती, कोणाचा टेम्पो उलटला नव्हता.

शकूच्या अंगाची आग झाली. उठून पाट ओढून घ्यावा, कोंडूला, सकुबाईला, सगळ्या गावाला इथे उभं करून विचारावं, सांगा आता कोणी कोणाचा हात खाल्ला.  मग तिची नजर दर्शनाकडे गेली. दर्शनालाही कळलं होतं. पोरगी पांढरीफटक झाली होती आणि आईकडे बघून नको, नको अशी मान हलवत होती. मुलाच्या बापाने आधीच विचारून घेतलं होतं. इथे एक शब्द निघाला तर वऱ्हाड आसनगावहून निघणारही नाही.

पण चेडा राहिला होता, आणि लग्न तिच्या पोरीचं होतं. इतरांच्या लग्नांत काही झालं नाही म्हणून हिच्या लग्नात होणार नाही, असं कोण सांगणार? शकू मुरमावर कपाळ टेकवून आली होती. राग रागाच्या ठिकाणी होता आणि भीती भीतीच्या ठिकाणी.

ती आवाज न करता उठली, मागच्या दाराने निघाली आणि पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन उभी राहिली. आपण एकटीने हळूच बोलवायचं. पाट नसला तर नसला. तिने पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले, डोळे मिटले, आणि सुरुवातीपासून निघाली, कारण मधूनच तिथे पोचता येत नाही. पायरी. पिंपळ. वाघदेव. ओढा. कडेकडेने ती वळणावर आली.

"वड्याच्या वळनी, जांभळीच्या बुडी..."

आणि तिथे सुदान बसला होता.

ती परत पायरीवर गेली. परत निघाली. घाईने, ठेचकाळत वळणावर आली. सुदान. त्याच्यापुढे इथिओपिया, युगांडा, रवांडा, आणि झऱ्यापाशी बुरुंडी, सगळे आपापल्या जागी, तिनेच बसवलेले, एकही न चुकता. ज्याचं ते घर होतं त्याचं क्षणापूर्वी मनात असलेलं नाव मात्र तिच्या जिभेवर येईना. बैठकीत शंभर वेळा ऐकलेलं नाव, कपाळ घासून माफी मागितलेलं नाव. तोंड उघडावं तर सुदान. मांडवात बोलावणं डोंगराला पोचलं होतं, संपत आलं होतं.

शकू गुडघ्यांवर बसली. काळ्या पेंढ्यात हात रोवून, ओढ्याच्या दिशेने तोंड करून ती म्हणाली, "ये बाबा. कोन बी तिथं बसला असशील तू, ये. पोरगी माजी हाय."